वृत्तालेख काढायचा की स्तंभालेख? प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकासाठी मतं हवीत

खडू_फळा

नमस्कार मंडळी. प्रथम वर्षाच्या संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकात सुरुवातीलाच गुणात्मक सामग्रीचा (मापं नाहीत, नुसती वर्गांची नावं) प्रयोग येतो: सारणी करा, आलेख काढा, निष्कर्ष लिहा. सरावासाठी एक उदाहरण रचलं आहे. आकडे काल्पनिक आहेत, भागाकार सोपे यावेत म्हणून मुद्दाम असे घेतलेत. पुण्यातलं एक कॉलेज, २४० विद्यार्थी, प्रश्न दोनच. कॉलेजला मुख्यतः कशाने येता? आणि राहता कुठे, घरी की वसतिगृहात/कॉट बेसिसवर? (दुसऱ्या गटाला पुढे नुसतं ‘खोलीवर’ म्हणू.)

दुचाकी: घरून ७२, खोलीवरून १२, एकूण ८४
पीएमपी (शहर बस): घरून ४८, खोलीवरून १२, एकूण ६०
मेट्रो: घरून २४, खोलीवरून ६, एकूण ३०
सायकल: घरून ८, खोलीवरून १०, एकूण १८
चालत: घरून ८, खोलीवरून ४०, एकूण ४८
बेरीज: घरून १६०, खोलीवरून ८०, एकूण २४०

प्रश्न असे: १) वृत्तालेख की स्तंभालेख? २) दोन्ही गट एकाच आलेखात कसे दाखवायचे? ३) निष्कर्षात काय लिहून घ्यायचं? प्रयोगवह्यांमध्ये बहुधा ‘वरील आलेखावरून असे दिसते की दुचाकीने येणारे सर्वाधिक आहेत’ एवढं एकच वाक्य असतं आणि त्याखाली सही होते.

पेठेतला_कोपरा

स्तंभालेख. पुढचा प्रश्न घ्या. :)

तीनशेसाठ_अंश

इतकी घाई नको. याच सामग्रीचा वृत्तालेख फार सुरेख येतो. केंद्रीय कोनाचं माप म्हणजे घटक भागिले एकूण गुणिले ३६०, इथे दर माणशी दीड अंश. दुचाकी १२६, पीएमपी ९०, मेट्रो ४५, सायकल २७, चालत ७२. बेरीज ३६०. पीएमपीचा तुकडा काटकोनात बसतो, म्हणजे ‘चारात एक जण पीएमपीने येतो’ हे कोनमापक न लावताही दिसतं. स्तंभालेखात ६० उंचीचा स्तंभ दिसतो, पण तो एकूणाचा चौथा हिस्सा आहे हे डोळ्याला कळत नाही. एका गोष्टीचे तुकडे आणि ती पूर्ण गोष्ट यांचं नातं दाखवायचं असेल तर वृत्तालेखाला तोड नाही.

सापेक्ष

३६०-अंश यांचा मुद्दा रास्त आहे, पण त्याची मर्यादा त्यांच्याच आकड्यांत आहे. पाव, अर्धा, पाऊण हे तुकडे डोळा चटकन ओळखतो. ७२ अंश आणि समजा ६३ अंश यांतला मोठा कोणता, हे शेजारी आकडा लिहिल्याशिवाय सांगता येत नाही. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं: माणूस आलेखातून आकडा वाचतो तेव्हा कुठे कमी चुकतो? एकाच पट्टीवरचं स्थान वाचताना चूक सर्वांत कमी, कोन वाचताना जास्त, क्षेत्रफळ वाचताना त्याहून जास्त. सगळे स्तंभ एकाच रेषेवर उभे असतात, म्हणून ते जिंकतात.

माझा नियम: दोन-तीन वर्ग आणि प्रश्न ‘एकूणापैकी किती?’ असा असेल तर वृत्तालेख चालेल. चारच्या वर वर्ग, किंवा वर्गांची आपापसात तुलना हवी असेल तर स्तंभालेख. आणि दोन गट असतील तर शेजारी-शेजारी दोन वृत्तालेख कधीच नकोत. या वर्तुळातला तुकडा लक्षात ठेवून त्या वर्तुळातला शोधायचा, तोही वेगळ्या कोनात फिरलेला, हे काम वाचणाऱ्याच्या डोक्यावर कशाला?

थोडं अवांतर. हे दोन्ही आलेख विल्यम प्लेफेअरचे. स्तंभालेख १७८६ चा, वृत्तालेख १८०१ चा. स्कॉटलंडच्या व्यापाराचे आकडे त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते, त्यामुळे काळानुसार रेषा ओढता येईना. म्हणून त्याने देशागणिक पट्टे काढले. काळाचा अक्ष हातात नाही, हाती फक्त वर्गांची नावं आहेत, या अडचणीतून स्तंभालेख जन्मला.

आलेख_कागद

स्तंभालेखावर एकमत होत असेल तर वह्यांमध्ये हमखास दिसणाऱ्या चुका सांगून ठेवतो.

अक्ष शून्यापासूनच हवा. दुचाकी ८४, पीएमपी ६०, खरं प्रमाण १.४ पट. कागद वाचवायला अक्ष ५० पासून सुरू केला की उंची ३४ आणि १० उरते, म्हणजे दुचाकी ३.४ पट दिसते. स्तंभात आपण लांबी वाचतो, पाया कापला की लांबी खोटी. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेलही कधीकधी आपणहून अक्ष वर उचलतं, तेव्हा छापण्याआधी बघून घ्या.

स्तंभांची रुंदी सारखी, मधलं अंतर सारखं, आणि अंतर हवंच. चिकटवले की तो आयतालेख वाटतो. आयतालेखात आडव्या अक्षावर सलग माप असतं (उंची, वजन, वेळ), म्हणून तिथे स्तंभ चिकटतात. मेट्रो आणि सायकल यांच्या मध्ये काहीच नसतं. याच कारणाने गुणात्मक सामग्रीला ‘आकार’ नसतो. ‘वितरण उजवीकडे झुकलेले आहे’ असं वाक्य स्तंभालेखाखाली आलं तर खोडा. क्रम आपणच लावला आहे, उद्या उलटा लावला तर ते डावीकडे झुकेल.

तिसरी चूक चित्रालेखातली. दुप्पट दाखवायला बसचं चित्र उंचीलाही दुप्पट, रुंदीलाही दुप्पट काढतात. क्षेत्रफळ चौपट होतं. चित्र एकाच मापाचं ठेवा आणि संख्या वाढवा.

पेठेतला_कोपरा

आणि त्रिमितीय वृत्तालेख? तो राहिला.

आलेख_कागद

तो काढूच नये. तिरका केला की पुढचा तुकडा फुगतो, मागचा दबतो, आणि पुढच्याला खालची जाडीही फुकटात मिळते. कोन वाचायचा होता, तोच मोडला.

कोष्टक

आलेखाच्या आधी एक पायरी आहे, तिच्यावर कुणी बोललं नाही. सामग्री कागदावरच्या ताळ्याच्या खुणांनी मोजली तर प्रश्न नाही. पण हल्ली गूगल फॉर्ममधून शीट येते आणि तिथे ‘पीएमपी’, ‘पीएमटी’, ‘पीएमपीएमएल’, ‘बस’ असे चार वर्ग तयार झालेले असतात. पिव्होट टेबल (शीटमधली आपोआप मोजणी करणारी सारणी) इमानदारीने चार ओळी दाखवतं. ‘बस’ आणि शेवटी मोकळी जागा असलेलं ‘बस ’ हेसुद्धा त्याच्या लेखी वेगळं. मोकळ्या जागा ट्रिम या सूत्राने काढा, पण वेबवरून चिकटवलेल्या मजकुरात कधीकधी १६० या अक्षर-संकेतांकाची न तुटणारी मोकळी जागा असते, ती ट्रिमने जात नाही. ती आधी सब्स्टिट्यूट या सूत्राने बदलावी लागते.

देवनागरीत आणखी एक गंमत आहे, ती मात्र डोळ्याला दिसतच नाही. ‘ॲपवरची रिक्षा’ आणि ‘अॅपवरची रिक्षा’. पहिल्यात ॲ हे एकच अक्षर आहे, दुसऱ्यात अ वर वेगळी अर्धचंद्राची खूण दिली आहे. कीबोर्डागणिक फरक पडतो. पडद्यावर बहुतेक फाँटमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, मोजणीत मात्र दोन वर्ग होतात आणि प्रत्येकाची वारंवारता निम्मी भासते. वर्गांची यादी काढल्यावर एकच नाव दोनदा दिसलं तर आधी इथे बघा. फाइंड-रिप्लेसने एक रूप दुसऱ्यात बदललं की झालं.

यावर खरा उपाय प्रश्नावलीतच आहे: लिहायला लावू नका, पर्याय द्या.

प्रश्नावली

कोष्टक, शंभर टक्के सहमत, पण पर्याय देतानाही जपावं लागतं. वर्ग एकमेकांत शिरता कामा नयेत आणि प्रत्येकाला कुठेतरी जागा मिळाली पाहिजे. कोथरूडहून निघून वनाज स्थानकावर मेट्रो पकडायची, उतरल्यावर पीएमपी, असं येणारा काय निवडेल? खडू_फळा यांनी ‘मुख्यतः’ हा शब्द घातला आहे तो म्हणूनच महत्त्वाचा. ‘ज्यात सर्वांत जास्त अंतर कापता ते’ असं स्पष्ट लिहिलं तर आणखी बरं.

‘लागू असतील ते सर्व निवडा’ असं विचारलंत तर सगळं गणित बदलतं. २४० जणांकडून समजा ३१० खुणा आल्या. टक्के काढायचे ते २४० वरच (‘इतक्या विद्यार्थ्यांपैकी इतके मेट्रो वापरतात’), त्यांची बेरीज १०० च्या वर जाणार आणि ते बरोबरच आहे. अशा सामग्रीचा वृत्तालेख होतच नाही, कारण तुकडे एकमेकांवर चढलेले आहेत. ३१० ला ३६० अंश वाटून काढलेले वृत्तालेख सर्रास दिसतात. त्यातला एक अंश म्हणजे माणूसही नाही आणि प्रवासही नाही.

आणि कोरे फॉर्म. २५२ वाटले, १२ कोरे आले, तर टक्के २४० वर की २५२ वर? दोन्ही चालतं, पण कुठल्यावर ते सारणीखाली लिहा.

सापेक्ष

प्रश्नावली यांनी धाग्याच्या गाभ्यालाच हात घातला. माझ्या मते वृत्तालेख की स्तंभालेख हा दुय्यम प्रश्न आहे. खरा प्रश्न असतो: टक्के कोणापैकी?

वरच्या सारणीतलं एकच घर घ्या, घरून दुचाकीने येणारे ७२. त्या ७२ चे तीन वेगळे टक्के निघतात.

सर्व २४० विद्यार्थ्यांपैकी ३० टक्के घरून दुचाकीने येतात.
घरून येणाऱ्या १६० पैकी ४५ टक्के दुचाकीने येतात.
दुचाकीने येणाऱ्या ८४ पैकी ८५.७ टक्के घरून येतात.

तिन्ही बरोबर, तिन्ही प्रश्न वेगळे. ‘घरून दुचाकीने येणारे ४५ टक्के’ असं मोघम वाक्य लिहिलं की वाचणारा त्याला हवा तो छेद धरतो. आपल्या भाषेत यासाठी आयता शब्द आहे, ‘पैकी’. ‘१०० पैकी ३५ मिळाले’ म्हणताना कुणी चुकत नाही, कारण छेद आधीच बोलून झालेला असतो. विद्यार्थ्यांना सशर्त वितरण, सीमांत वितरण ही नावं नंतर द्या. आधी प्रत्येक टक्क्यामागे ‘पैकी’ लिहायची सवय लावा. ‘पैकी’च्या आधी जे येतं तो छेद. ती ओळीची बेरीज आहे, स्तंभाची आहे की एकूण, हे मग सारणीत बोट ठेवून दाखवता येतं.

तीनशेसाठ_अंश

हे आवडलं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

खडू_फळा

सापेक्ष, मनापासून धन्यवाद. मग दुसरा प्रश्न: दोन गटांच्या तुलनेत छेद कोणता घ्यायचा? घरून येणाऱ्यांपैकी की दुचाकीवाल्यांपैकी?

सापेक्ष

ज्या चलामुळे दुसऱ्यात फरक पडेल अशी शंका आहे, त्याचे गट करा आणि प्रत्येक गटाला १०० धरा. राहण्याच्या जागेवरून प्रवासाचं साधन ठरू शकतं, सायकल घेतली म्हणून कुणी वसतिगृहात राहायला जात नाही. तेव्हा छेद १६० आणि ८०.

घरून: दुचाकी ४५, पीएमपी ३०, मेट्रो १५, सायकल ५, चालत ५.
खोलीवरून: दुचाकी १५, पीएमपी १५, मेट्रो ७.५, सायकल १२.५, चालत ५०.

आता मोजणी आणि टक्के यांत काय फरक पडला बघा. पीएमपीत ४८ विरुद्ध १२, म्हणजे चौपट दिसत होतं, टक्क्यांत ते दुप्पटच आहे. सायकलमध्ये ८ विरुद्ध १०, जवळपास सारखे, पण टक्क्यांत खोलीवरचे अडीचपट. गट असमान असतील तर मोजणीचा जोडस्तंभालेख प्रामुख्याने एवढंच सांगतो की एक गट मोठा आहे.

आणखी एक सापळा. एकूण चालत येणारे ४८, म्हणजे २० टक्के. विद्यार्थी ५ आणि ५० यांची सरासरी काढून २७.५ लिहितात. गट २:१ आहेत, म्हणून (२×५ + ५०) ÷ ३ = २०. टक्क्यांची सरसकट सरासरी काढता येत नाही, छेद सारखे असतील तरच येते.

आलेख_कागद

याचा शतमान स्तंभालेख कागदावर काढायची रीत देतो. आठवीत हा शिकवतात, कॉलेजात विसरतात.

सेंटिमीटरचा आलेख कागद, १० सेंमी उंचीचे दोन स्तंभ. १ मिमी = १ टक्का, त्यामुळे वेगळं परिमाण काढावं लागत नाही. प्रत्येक तुकड्याची उंची वेगवेगळी मोजून रचू नका, चुका साचत जातात. संचयी बेरीज करून तळापासून खुणा करा. घरून: ४.५, ७.५, ९, ९.५, १० सेंमी. खोलीवरून: १.५, ३, ३.७५, ५, १० सेंमी. (३.७५ म्हणजे ३७ व्या रेघेनंतर बारीक घराच्या मध्यावर.) वृत्तालेखातही हीच युक्ती वापरा. एकूण ७३ असेल तर दर माणशी ४.९३ अंश येतात. प्रत्येक कोन वेगळा पूर्णांकात घेतला तर शेवटचा तुकडा बसत नाही, संचयी कोन पूर्णांकात घेतला तर ३६० वरच संपतं.

एक अडचण आहे. मधल्या तुकड्यांना समान पाया नसतो. मेट्रो एका स्तंभात ७.५ ते ९, दुसऱ्यात ३ ते ३.७५. कोण मोठं ते दिसतं, कितीने मोठं ते दिसत नाही. म्हणून ज्या वर्गावर बोलायचं आहे तो तळाशी ठेवा. इथे ‘चालत’ तळाशी ठेवला तर अर्धा सेंमी आणि पाच सेंमी, एका नजरेत गोष्ट कळते. दोन्ही स्तंभांत तुकड्यांचा क्रम मात्र एकच हवा.

रंगांचं म्हणाल तर वहीची झेरॉक्स निघणार आहे. लाल आणि हिरवा दोन्ही करडे येतात. तिरप्या रेघा, ठिपके, कोरं, गडद असे भरा आणि नाव तुकड्यातच लिहा, बाजूच्या सूचीत नको.

कोष्टक

आलेख_कागद यांच्या स्तंभांत एक भर: घरून गटाचा स्तंभ २ सेंमी रुंद, खोलीवरूनचा १ सेंमी रुंद घ्या. गट १६० आणि ८० आहेत ना? मग उंची टक्के दाखवते, रुंदी गटाचा आकार, आणि तुकड्याचं क्षेत्रफळ थेट माणसं. एक चौरस सेंमी म्हणजे ८ विद्यार्थी. दुचाकी-घरून २ × ४.५ = ९ चौसेंमी, ९ × ८ = ७२. हाच मोझॅक आलेख. टक्के आणि मोजणी दोन्ही एकाच चित्रात.

भिंग

उशिरा आलो. छेदाचं महत्त्व पटवायला काल्पनिक आकड्यांची गरज नाही, टायटॅनिकची सामग्री आहे. १९१२ ची दुर्घटना, पाठ्यपुस्तकी सारणीत २२०१ माणसं, त्यांपैकी ७११ वाचली. वर्गवार असं:

पहिला वर्ग ३२५ पैकी २०३ वाचले, ६२.५ टक्के
दुसरा वर्ग २८५ पैकी ११८, ४१.४ टक्के
तिसरा वर्ग ७०६ पैकी १७८, २५.२ टक्के
कर्मचारी ८८५ पैकी २१२, २४.० टक्के

नुसती मोजणी पाहिली तर वाचलेल्यांत कर्मचारी सर्वाधिक, २१२. ‘पैकी’ लावलं की तेच सर्वांत खाली.

आता शेवटच्या दोन ओळींत स्त्री-पुरुष हा तिसरा चल आणा.

पुरुष: तिसरा वर्ग ५१० पैकी ८८, म्हणजे १७.३ टक्के. कर्मचारी ८६२ पैकी १९२, म्हणजे २२.३ टक्के.
स्त्रिया: तिसरा वर्ग १९६ पैकी ९०, म्हणजे ४५.९ टक्के. कर्मचारी २३ पैकी २०, म्हणजे ८७.० टक्के.

पुरुषांत कर्मचाऱ्यांचं प्रमाण वरचढ, स्त्रियांतही वरचढ. दोन्ही एकत्र केले की तिसरा वर्ग वरचढ!

पेठेतला_कोपरा

थांबा. हे दोनदा मोजलं. बरोबर आहे. पण असं होतं कसं?

भिंग

कारण गटांची बांधणी वेगळी आहे. कर्मचाऱ्यांत ८८५ पैकी ८६२ पुरुष, म्हणजे ९७ टक्क्यांच्या वर. तिसऱ्या वर्गात ७०६ पैकी ५१०, सुमारे ७२ टक्के. जहाजावर पुरुष वाचण्याचं प्रमाण एकंदर फार कमी होतं. कर्मचाऱ्यांची एकूण टक्केवारी जवळजवळ निव्वळ पुरुषांची आहे, तिसऱ्या वर्गाच्या टक्केवारीला १९६ स्त्रियांनी वर ओढलं आहे. वर सापेक्ष यांनी ५ आणि ५० ची भारित सरासरी काढली, तेच इथे घडतं, फक्त भार दोन्हीकडे निराळे आहेत. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात, एडवर्ड सिम्पसनच्या १९५१ च्या लेखावरून, जरी संख्याशास्त्रज्ञ यूलने १९०३ मध्येच त्याची नोंद केली होती. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या १९७३ च्या प्रवेशांचं उदाहरणही असंच: एकूण पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश, स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. विभागवार पाहिलं तर हा कल बराचसा नाहीसा होतो, कारण स्त्रियांचे अर्ज अधिक करून जिथे सगळ्यांनाच प्रवेश अवघड अशा विभागांत होते.

एक सावधगिरी: ८७.० टक्के हा आकडा भारदस्त दिसतो, पण छेद फक्त २३ आहे. एक जण इकडचा तिकडे झाला की चार टक्क्यांहून अधिक फरक पडतो. छेद लहान असेल तर टक्क्यांबरोबर ‘२३ पैकी २०’ असंच लिहावं.

प्रश्नावली

भिंग यांचा मुद्दा खडू_फळा यांच्या सारणीलाही लागू आहे. खोलीवरचे ५० टक्के चालत येतात ते खोलीवर राहतात म्हणून, की खोल्या कॉलेजजवळ असतात म्हणून? अंतर हा तिसरा चल विचारलेलाच नाही. ‘दोन चलांचा संबंध दिसतो’ इथपर्यंत लिहा, ‘मुळे’ हा शब्द नको. शिवाय पाहणी कुठे केली? सकाळी पार्किंगच्या दाराशी उभं राहून फॉर्म भरून घेतले असतील तर दुचाकी फुगणारच. आलेख कितीही नेटका असला तरी ही चूक त्यात दिसत नाही.

तळटीप

काही सुट्या गोष्टी, वर आल्या नाहीत म्हणून.

संकेतांक दिले की (१ दुचाकी, २ पीएमपी, ३ मेट्रो, ४ सायकल, ५ चालत) कुणीतरी सरासरी काढतोच. इथे ती ६०६ ÷ २४० = २.५२५ येते, म्हणजे पीएमपी आणि मेट्रो यांच्या साधारण मधोमध लोंबकळणारं काहीतरी. पिनकोडचंही तेच: ४११००४ आणि ४११०३८ यांची सरासरी ४११०२१ येते, पण ती डेक्कन आणि कोथरूडच्या मधली जागा नव्हे. अंक दिसले म्हणून सामग्री संख्यात्मक होत नाही. नामवाचक चलाला (नुसती नावं, क्रम नाही) बहुलक, म्हणजे सर्वाधिक वेळा आलेला वर्ग, तेवढा लागू, इथे तो ‘दुचाकी’. ‘८४’ असं उत्तर लिहिलं तर ते चूक, ती बहुलकाची वारंवारता झाली.

क्रमवाचक चल असेल (मेसच्या जेवणाबद्दल खूप समाधानी ते खूप असमाधानी) तर मध्यकही चालतो आणि क्रम मोडायचा नाही. पिव्होट अकारविल्हे लावतं: असमाधानी, खूप असमाधानी, खूप समाधानी, ठीक, समाधानी. नावाआधी १-, २- असे अंक घाला. नामवाचक चल मात्र उतरत्या वारंवारतेने लावा. ‘इतर’ कितीही मोठा असला तरी शेवटी.

३० टक्के आणि १५ टक्के यांतला फरक ‘१५ टक्के’ नसतो, १५ टक्केवारी-बिंदू असतो. टक्क्यांत बोलायचं तर ३० हे १५ पेक्षा १०० टक्क्यांनी जास्त.

पूर्णांकनामुळे बेरीज ९९.९ किंवा १००.१ आली तर एखादा आकडा ओढूनताणून बदलू नका. सारणीखाली एक ओळ लिहा.

तीनशेसाठ_अंश

तळटीप, बहुलकाची चूक अगदी नेमकी पकडलीत. एक विचारतो: हे दोन चल स्वतंत्र आहेत का, हे याच प्रयोगात काय-स्क्वेअरने तपासायला लावावं का?

सापेक्ष

चाचणी पुढच्या सत्रात असते, पण तिचं बीज इथे पेरता येतं. विचारा: संबंध नसताच, तर सारणी कशी दिसली असती? दोन्ही गटांत ३५ टक्के दुचाकी, २५ पीएमपी, १२.५ मेट्रो, ७.५ सायकल, २० चालत. घरून: ५६, ४०, २०, १२, ३२. खोलीवरून: २८, २०, १०, ६, १६. शतमान स्तंभालेखात दोन्ही स्तंभ हुबेहूब सारखे आले असते. आता हे आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी ठेवा. सर्वांत मोठी तफावत ‘चालत’मध्ये: ३२ च्या जागी ८, १६ च्या जागी ४०. ज्यांना पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी, काय-स्क्वेअर ७८.९ येतो, स्वातंत्र्यांश ४, पाच टक्के पातळीचं सारणीमूल्य ९.४८८, म्हणजे ‘संबंध नाही’ हे म्हणणं टिकत नाही. त्या ७८.९ पैकी ५४ एकट्या ‘चालत’च्या दोन घरांतून येतात. आलेखात जे आधी दिसलं होतं तेच.

खडू_फळा

सर्वांचे आभार. ठरलं ते असं. एकूण २४० चा साधा स्तंभालेख उतरत्या क्रमाने: दुचाकी ८४, पीएमपी ६०, चालत ४८, मेट्रो ३०, सायकल १८. ज्यांना हवा त्यांनी शेजारी वृत्तालेख काढावा, पीएमपीच्या काटकोनासाठी. मग दोन गटांचा शतमान स्तंभालेख, २ सेंमी आणि १ सेंमी रुंदीचा, ‘चालत’ तळाशी. निष्कर्षात किमान चार वाक्यं, प्रत्येक टक्क्यामागे ‘पैकी’, ‘मुळे’ वर्ज्य, आणि शेवटी एक ओळ: आणखी कोणता चल विचारायला हवा होता?

दुसऱ्या आलेखाचं शीर्षक असं देतोय: ‘निवासानुसार प्रवासाचे साधन (टक्के)’.

पेठेतला_कोपरा

टक्के कोणापैकी?

खडू_फळा

बरोबर. बदललं: ‘प्रत्येक निवासगटातील विद्यार्थ्यांपैकी प्रवासाचे साधन, टक्के (घरून १६०, खोलीवरून ८०)’.